आधी मस्टर, मग टाळं

१,७४,००० आणि १५,८७०.

पहिला आकडा मुंबईच्या गिरणी कामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी घरासाठी भरलेल्या अर्जांचा, पूर्ण हजारांत. दुसरा आकडा म्हाडाच्या सोडतींमधून त्यांच्या वाट्याला आलेल्या घरांचा. २०१२ मध्ये ६,९२५ घरं, २०१६ मध्ये दोन सोडती मिळून ५,०५१ आणि २०२० मध्ये ३,८९४. भागाकार केला तर अकरा अर्जांमागे एक घर, म्हणजे ९ टक्के.

हा लेख कोळशाबद्दल आहे. तरी सुरुवात लालबाग-परळच्या या हिशेबाने केली, कारण एखाद्या प्रदेशाचा पोशिंदा उद्योग बंद पडतो तेव्हा माणसांचं काय होतं, याचा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा हिशेब गिरणगावात मांडून ठेवलेला आहे. उद्या कोळशावर उभ्या असलेल्या चंद्रपूर, कोराडी, वणी, परळी वैजनाथ इथे हीच वेळ येणार आहे. जग कोळशापासून दूर जाताना कोळशावर जगणारी माणसं उघड्यावर पडू नयेत, या विचाराला ‘न्याय्य संक्रमण’ म्हणतात. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकातही कामगारांसाठी ही अपेक्षा नोंदवली आहे. पण करारातली ओळ आणि कामगाराच्या हातातला कागद यांत किती अंतर असतं, ते गिरणगावाला ठाऊक आहे.

४४७ मेगावॅट: गिरण्यांनी कोळसा सोडला तेव्हा

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढची साठ वर्षं गिरण्या वाफेवर चालल्या आणि वाफ कोळशावर. परळ-लालबागच्या आभाळातली ती उंच धुराडी बॉयलरची होती.

१९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी घाटाखाली आणून त्यावर वीज केली आणि ती तारेने मुंबईच्या गिरण्यांत पोचवली. १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रं आली. या तिन्हींची आजची क्षमता ४४७ मेगावॅट आहे. गिरणीतले साचे हळूहळू वाफेच्या इंजिनाऐवजी विजेच्या मोटारीवर फिरू लागले. ‘हरित ऊर्जा’ हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी गिरणगावाने कोळशाकडून पाण्याकडे जाऊन दाखवलं होतं.

त्या बदलात गिरणीतल्या कामगाराची नोकरी टिकली. किंमत मोजली ती मावळातल्या शेतकऱ्याने. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचं धरण हवं होतं आणि धरणासाठी भातखाचरं. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह झाला. धरण व्हायचं ते झालंच.

शंभर वर्षांपूर्वीचा हा अनुभव आजही लागू आहे. वीज कितीही स्वच्छ असो, तिच्यासाठी कुणाची तरी जमीन लागते आणि कुणाचं तरी काम जातं. तो कुणीतरी कोण, हे आधी विचारलं नाही तर नंतर विचारायला तो जागेवर उरत नाही.

१०० युनिटमागे ६५ ते ७० किलो

आता आपल्या मीटरकडे येऊ. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत वीज पुरवते ती बेस्ट. गिरगावातली चाळ असो की परळचा टॉवर, बिल बेस्टचंच. पण बेस्ट वीज तयार करत नाही, विकत घेते.

आपल्याकडे एक युनिट औष्णिक विजेला ढोबळमानाने ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत एक फ्रिज, दोन पंखे, टीव्ही आणि दिवे धरले तर महिन्याला शंभरेक युनिट सहज होतात. ही वीज पूर्ण कोळशावरची असेल तर ६५ ते ७० किलो कोळसा लागला. सिमेंटची एक गोणी ५० किलोची असते. म्हणजे एका खोलीसाठी दर महिन्याला जवळपास दीड गोणी कोळसा कुठेतरी जळतो. विदर्भातल्या कोळशासारखा ३० ते ४० टक्के राखेचा असेल तर त्यातली वीस ते अठ्ठावीस किलो राख मागे उरते. ती राख लालबागमध्ये पडत नाही.

मग कुठे पडते? मुंबईला जवळचे असे स्रोत तीन: तुर्भ्याचं (ट्रॉम्बे) कोळसा आणि वायूवरचं ९३० मेगावॅटचं केंद्र, डहाणूचं ५०० मेगावॅटचं आणि वर सांगितलेलं ४४७ मेगावॅटचं पाणी. बेरीज १,८७७ मेगावॅट. उन्हाळ्यात मुंबईची मागणी ४,००० मेगावॅटच्या पुढे जाते. म्हणजे हे तिन्ही पूर्ण ताकदीने चालले तरी अर्धी गरज भागत नाही. बाकीची वीज बाहेरून, राज्याच्या जाळ्यातून येते. त्या जाळ्याला पूर्वेकडून भरणारी एक मोठी वाहिनी आहे, चंद्रपूर ते भिवंडीजवळचं पडघे. सुमारे ७५० किलोमीटर लांब, १,५०० मेगावॅट वाहून नेणारी. चंद्रपूर आणि मुंबई यांचं नातं या तारेइतकं सरळ आहे.

महापालिकेने मार्च २०२२ मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. त्यानुसार २०१९ मध्ये शहराचं उत्सर्जन सुमारे २.३४ कोटी टन होतं आणि त्यातलं ७२ टक्क्यांच्या आसपास ऊर्जावापरातून आलं. २०५० पर्यंत ते निव्वळ शून्यावर आणायचं उद्दिष्ट आहे. हे उद्दिष्ट मला मनापासून हवं आहे. तुर्भे-माहुलची हवा ज्यांनी नाकात घेतली आहे त्या कुणालाही ते हवंच असेल. पण मुंबईने कोळशाकडे पाठ फिरवायची ठरवली की तारेच्या दुसऱ्या टोकाला काय होईल, हेही त्याच आराखड्याच्या शेजारी मांडायला हवं.

९,५४० मेगावॅट: तारेचं दुसरं टोक

राज्य सरकारच्या महानिर्मिती कंपनीची कोळशावरची क्षमता अशी आहे. भुसावळचा नवा ६६० मेगावॅटचा संच यात धरलेला नाही.

चंद्रपूर: २,९२० मेगावॅट
कोराडी: २,१९०
खापरखेडा: १,३४०
भुसावळ: १,२१०
परळी: ७५०
नाशिक: ६३०
पारस: ५००
एकूण: ९,५४०

चंद्रपूर आणि नागपूर या दोन जिल्ह्यांतलीच बेरीज ६,४५० होते, म्हणजे दोनतृतीयांश. पारस धरलं तर विदर्भाचा वाटा ७३ टक्के. नागपूरला मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सने २०२३-२४ मध्ये विदर्भातल्या आणि लगतच्या मध्य प्रदेशातल्या खाणींतून सुमारे ६.९ कोटी टन कोळसा काढला. बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा, माजरी, वणी, उमरेड ही गावं या खाणींभोवती वाढली. त्याची किंमतही त्यांनी मोजली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांच्या प्रदूषणाचं मोजमाप केलं, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथ्या क्रमांकावर होतं.

म्हणजे विदर्भाने धूर आणि राख घेतली आणि राज्याला उजेड दिला. आता कोळसा वाईट ठरल्यावर रोजगारही त्यांचाच जाणार असेल, तर त्यांच्या वाट्याला दोन्हीकडून तोटाच येतो.

कोळसा उद्या सकाळी बंद होणार नाही, हेही खरं. २०२४-२५ मध्ये देशाचं कोळसा उत्पादन पहिल्यांदा १०० कोटी टनांच्या पुढे गेलं आणि निव्वळ शून्याचं भारताचं वर्ष २०७० आहे. पण जुने संच एकेक करून थांबतच आहेत. चंद्रपूरचे २१० मेगावॅटचे पहिले दोन, नाशिकचे १४० चे दोन, परळीचे जुने पाच मिळून ६९०. या तीन ठिकाणचीच बेरीज १,३९० मेगावॅट. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं, तेव्हा राखेवर चालणाऱ्या वीटभट्ट्यांपासून ट्रकवाल्यांपर्यंत सगळ्या गावाला त्याची झळ बसली.

नव्या विजेचा रोजगार आपोआप तिथेच येईल, या भरवशावर राहता येत नाही. महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प धुळे जिल्ह्यात साक्रीला आहे. पवनचक्क्या साताऱ्याच्या पठारांवर आणि सांगली-धुळ्याकडे आहेत. गिरणगावातही हेच झालं. १९८२ च्या गिरणी संपानंतर महाराष्ट्रातलं कापड बंद पडलं नाही, ते भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेलं. कापड टिकलं आणि लालबागचा कामगार मात्र घरी बसला.

अडीच लाख: मस्टरवरचे आणि मस्टरबाहेरचे

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही.

माझे वडील त्या अडीच लाखांत होते की नाही, हे मोजणारा कोण यावर अवलंबून आहे. ते बदली कामगार होते. सकाळी सातच्या पाळीच्या आधी गेटवर उभं राहायचं, साचाखात्यात कुणी कायम कामगार गैरहजर असेल तर जॉबर बोट दाखवेल त्याने आत जायचं. बाकीचे साडेतीनच्या पाळीला पुन्हा यायचे. महिन्यात कधी वीस दिवस भरत, कधी आठ. संपात ते कायम कामगारांइतकेच उपाशी राहिले. पुढे घरांचे अर्ज निघाले तेव्हा पुरावा मागितला गेला: तिकीट नंबर, ईएसआयचं कार्ड, फंडाची पावती, सेवेचा दाखला. १ जानेवारी १९८२ नंतर कामावर असल्याचं दाखवायचं होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक विटकं कार्ड एवढाच वडिलांकडे पुरावा होता. त्यावरचा नंबर निम्मा पुसला होता. गिरणीच्या ऑफिसात मस्टर विचारायला गेलो, तर जुनं दप्तर पावसात भिजून गेल्याचं सांगितलं गेलं.

बदलीवाला निदान गेटपर्यंत तरी जायचा. खानावळवाल्या बायका तर कुठल्याच मस्टरवर नव्हत्या. कोकणातून आणि घाटावरून एकट्याने आलेल्या हजारो कामगारांना त्या चाळीतल्या खोलीत रांधून घालत होत्या. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, म्हणून त्यांचं काम निदान डोळ्यांना दिसलं. गिरणी बंद झाल्यावर त्यांचा रोजगारही त्याच दिवशी गेला. नुकसानभरपाईच्या कुठल्याही हिशेबात मात्र तो धरला नाही.

आजच्या खाणपट्ट्यात बदलीवाल्याचा वारसदार म्हणजे कंत्राटी कामगार. कोळशावरचा माती-दगडांचा थर (ओव्हरबर्डन) हटवणारा, ट्रक चालवणारा, रेल्वेच्या सायडिंगवर माल भरणारा, औष्णिक केंद्रात राखेच्या कामावर असलेला. खानावळवालीची वारसदार म्हणजे खाणीच्या गेटवरची चहा-नाश्त्याची टपरी चालवणारी बाई. कोल इंडियाच्या कायम कामगाराला फंड आहे, निवृत्तिवेतन आहे, त्याच्यामागे संघटना आहे. संक्रमण न्याय्य झालं की नाही याची परीक्षा बाकीच्यांवर होणार आहे, म्हणून त्यांची यादी आजच, खाण चालू असताना करायला हवी. कागद चालू कारखान्यात मिळतो. बंद कारखान्यात तो भिजलेला असतो.

६०० एकर: एका शब्दाचा फरक

गिरण्यांकडे मुंबईच्या मध्यात सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने तिची तीन वाट्यांत विभागणी ठरवली: एक वाटा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. साध्या भागाकाराने प्रत्येकी २०० एकर.

२००१ मध्ये नियम बदलला. वाटणी गिरणीच्या सगळ्या जमिनीची न करता इमारती वगळून उरलेल्या मोकळ्या जमिनीची करायची, असं ठरलं. ‘मोकळी’ हा एक शब्द आला आणि म्हाडाचा व उद्यानांचा वाटा आटला. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मार्च २००६ मध्ये बदललेला नियम कायम राहिला.

जमिनीचा भावही पाहा. २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची मुंबई टेक्स्टाइल मिल, साडेसतरा एकर, ७०२ कोटींना विकली गेली, म्हणजे एकरी ४० कोटी. त्या वर्षी महामंडळाने विकलेल्या पाच गिरण्यांची किंमत २,००० कोटींवर गेली. पैसा नव्हता असं कुणी म्हणू नये. कामगाराच्या वाट्याचा पैसा आधीच बाजूला काढून ठेवलेला नव्हता, एवढंच.

कोळशाच्या जमिनीला परळचा भाव येणार नाही. पण खाणीची, राखेच्या तळ्याची आणि बंद संचाची जमीन हजारो एकर आहे, तिला रेल्वेचं सायडिंग आहे, पाणी आहे आणि मुख्य म्हणजे उच्चदाब वाहिनी दारात आहे. नव्या सौर प्रकल्पांना, बॅटरी साठवणुकीला, कारखान्यांना हेच हवं असतं. या जमिनीचा किती हिस्सा गावाच्या रोजगाराला, किती मूळ शेतकऱ्याला आणि किती जंगलाला, हे कायद्यात लिहायला हवं. आणि असं लिहायला हवं की दहा वर्षांनी कुणाला त्यात एक शब्द घुसवता येऊ नये.

२७ रुपये: पैसे आपण भरले आहेत

‘एवढा पैसा आणणार कुठून?’ हा प्रश्न नेहमी येतो. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. तो १००, मग २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा याच रकमेचं रूपांतर राज्यांच्या भरपाईच्या उपकरात झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकर रद्द होऊन कोळशावरचा कर ५ वरून १८ टक्के झाला.

टनाला ४०० म्हणजे किलोला ४० पैसे. शंभर युनिटमागे ६५ ते ७० किलो धरले तर २६ ते २८ रुपये, मध्यावर २७. कोळशाच्या विजेच्या दर शंभर युनिटमागे, जवळजवळ साडेनऊ वर्षं. लालबागच्या चाळीतल्या बाईनेही ते भरले, बिलावर वेगळी ओळ नव्हती इतकंच. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या ६.९ कोटी टनांवर हाच दर लावला तर एका वर्षाचे २,७६० कोटी होतात. त्यातला पैसा खाण कामगाराच्या पुढच्या आयुष्यासाठी राखून ठेवल्याची नोंद कुठल्याही मस्टरवर नाही.

एक निधी मात्र जागेवर आहे. २०१५ च्या कायद्याने स्थापन झालेली जिल्हा खनिज प्रतिष्ठानं. जुन्या पट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि लिलावातल्या नव्या पट्ट्यांवर १० टक्के इतकी रक्कम खाणबाधित भागासाठी जमा होते. रस्ते आणि सभामंडप यांच्या पलीकडे जाऊन या निधीचा ठरलेला वाटा ‘कोळशानंतर’ या एकाच कामासाठी कुलूपबंद ठेवता येईल. कौशल्य शिक्षण, कंत्राटी कामगाराचा विमा, टपरीवालीला भांडवल, बंद खाणीतल्या पाण्यावर शेती आणि मासेमारी ही कामं त्यातून होऊ शकतात.

१८ वर्षं आधी, ३० वर्षं नंतर

शेवटचा हिशेब वर्षांचा. १९८२ चा संप शून्य धरला तर गिरणगावात जमिनीचा नियम ९ व्या वर्षी आला, तो १९ व्या वर्षी बदलला, न्यायालयाचा शेवटचा निकाल २४ व्या वर्षी लागला आणि घरांची पहिली सोडत ३० व्या. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार तेव्हा ५५ वर्षांचा होता. दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या गिरणी कामगार संघर्ष समितीसारखे लोक १९८९ पासून रस्त्यावर नसते, तर ही ९ टक्के घरंही मिळाली नसती. आज उरलेल्यांना शेलू-वांगणीची, बदलापूरच्याही पलीकडची घरं दाखवली जातात. जुलै २०२५ मध्ये म्हातारे कामगार मुंबईतच घर हवं म्हणून पुन्हा आझाद मैदानात बसले होते.

जर्मनीने २०२० मध्ये कायदा करून कोळशावरची वीज बंद करण्याची शेवटची मुदत २०३८ ठरवली आणि त्याच वेळी कोळशाच्या प्रदेशांसाठी ४० अब्ज युरोंपर्यंतची तरतूद केली. टाळं लागायच्या १८ वर्षं आधी पैसा आणि तारीख दोन्ही कागदावर. जर्मनी श्रीमंत आहे, तिचा आकडा आपल्याला जमणार नाही. तिचा क्रम मात्र जमू शकतो, त्याला पैसे लागत नाहीत. झारखंडने २०२२ मध्ये न्याय्य संक्रमणासाठी कृतिदल नेमून निदान पहिलं पाऊल टाकलं. महाराष्ट्राकडे तर गिरणगावाचा अनुभव घरचाच आहे.

क्रम असा हवा. आधी मस्टर, ज्यात कायम, कंत्राटी आणि गेटबाहेरचे सगळे असतील. मग जमिनीची वाटणी. मग राखून ठेवलेला निधी. मग तारीख. आणि सगळ्यात शेवटी टाळं. गिरणगावात टाळं पहिलं लागलं आणि मस्टर सगळ्यात शेवटी शोधलं गेलं.

आज बल्लारपूर किंवा घुग्घुसच्या खाणीवर पंचविशीतला एक कंत्राटी ट्रकचालक असेल. तो साठीला येईल तेव्हा २०६० उजाडलं असेल, देशाच्या शून्याच्या वर्षाला दहा वर्षं बाकी असतील. त्याचं सगळं कामाचं आयुष्य या बदलाच्या आत जाणार आहे. त्याचं नाव कुठेतरी ठळक शाईत लिहिलेलं असावं, निम्मा पुसलेला नंबर घेऊन त्याच्या मुलाला खिडकीखिडकीला फिरावं लागू नये, एवढीच मागणी आहे. ती करण्याचा हक्क लालबाग-परळच्या माणसाला आहे. शंभर युनिटमागचे ते २७ रुपये त्याने भरले आहेत.